दीपमालेचा स्वेटर, संपतची मान

पहाटे साडेचारला तातेरावांचा दिवस सुरू झाला. मिलचा भोंगा त्यांच्यापुरता सात महिन्यांपूर्वीच बंद झाला होता, पण एकतीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेल्या अंगाला रिटायरमेंटचा कागद वाचता येत नव्हता. त्यांनी पाणी भरलं, अंगण झाडलं, बाजेची सैल दोरी ताणली. सहा वाजता दिवसाचं काम संपलं. झोपेपर्यंत सोळा तास उरले.

"आता बसा निवांत," गिरिजाबाई म्हणाल्या. "मलाबी थोडं काम राहू द्या घरात."

तातेराव बसले. बसणं म्हणजे काम नव्हे असं त्यांचं मत होतं, आणि जे काम नाही ते करताना त्यांची कंबर दुखायची.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ते भट्टीपुढं होते. लाल सळई लांब चिमट्यानं धरायची, रोलाच्या तोंडात द्यायची, तेवढ्यात पुढची. माणूस ते एकाच मापानं मोजायचे. त्याचा घाम किती गळाला? त्या मापात सगळ्यात हलका भरायचा तो मिलच्या वजनकाट्यावरचा कारकून संपत. तीस वर्षं गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा. "खुर्चीला उगवलेला माणूस," असं तातेराव त्याला म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे.

दसरा कालच झाला होता. मुलगी दीपमाला संभाजीनगरहून घरी आली होती. ती नर्स. तिला हिमाचलात, डोंगरावरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. एक डिसेंबरला हजर व्हायचं होतं.

"तिथं नळातलं पाणी गोठतं म्हणे, आई," ती चहा पिता पिता सांगत होती. "सकाळी नळाला शेक द्यावा लागतो."

तातेरावांना आग ठाऊक होती. थंडी ठाऊक नव्हती. जालन्यात थंडी म्हणजे पौषातले आठ दिवस, त्यातले चार तर लोक नुसतेच हौसेनं मफलर बांधतात.

बोलता बोलता दीपमालाला जुनं दप्तर आठवलं. ती सहावीत असताना तातेरावांनी ते स्वतः केलं होतं. ट्रकची ताडपत्री, तिला तारेची शिवण, तळाला लोखंडी पट्टी. रिकामं दप्तर पावणेदोन किलो भरायचं. ते कधी फाटलं नाही. गिरिजाबाई अजून त्यात ज्वारी ठेवायच्या.

"आता सांगायला काय हरकत हाय," दीपमाला हसत म्हणाली. "ते मी रोज कोपऱ्यावरच्या वंदनाच्या घरी ठेवून जात व्हते. तिथून पुढं कापडी पिशवी. चार वर्षं."

गिरिजाबाई हसल्या. तातेराव हसले नाहीत.

"आन् टायरच्या चपला?"

"त्यापण तिथंच, बाबा."

"मंग मी दिलेलं तू वापरलं काय?"

दीपमालानं विचार केला. बराच वेळ केला. चहावर साय धरली.

"छत्री वापरली व्हती की!"

"छत्री तुझ्या मामानं आणल्ती," गिरिजाबाई म्हणाल्या.

तातेराव उठले, अंगणात गेले, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दप्तराला त्यांनी नऊ रविवार दिले होते. परत आले तेव्हा ठरलं होतं.

"तुला स्वेटर करतो. माझ्या हातानं."

"तुमी?"

"मी. घालशील का ते सांग."

दीपमाला खोटं बोलणारी नव्हती. इतकी वर्षं ती फक्त गप्प राहिली होती. "बाबा, बारा तासांची ड्यूटी हाय. वरून कोट, आत स्वेटर, मानेला लागून. टोचला न्हाई तर रोज घालीन. टोचला तर न्हाई घालणार, आत्ताच सांगते."

ती गेली. सत्तावीस नोव्हेंबरचं तिचं तिकीट होतं. तोवर तिनं खरोखर अंगात घालावं असं एक तरी काही त्यांच्या हातून व्हायला हवं होतं. नाहीतर बापानं जन्मभर शेजारच्या घरी ठेवायच्या वस्तूच केल्या, एवढाच हिशेब उरणार होता.

विणायला शिकवलं शेजारच्या दुर्गाबाईंनी. त्या अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. बाजारच्या सुया तातेरावांना काडीसारख्या वाटल्या, म्हणून त्यांनी आठ एमएमची सळई कापून, घासून, टोक काढून स्वतःच्या सुया केल्या.

दुर्गाबाईंनी एक सुई दोन्ही हातांनी उचलली. "भाऊ, ही सुई हाय का सब्बल?"

"वाकणार न्हाई."

"वाकणार न्हाई हे खरं. पण चोर आला तर आधी तुमच्या घरात येईल, हत्यार घ्यायला."

चार दिवसांत सुलट टाका, उलट टाका, गळ्याशी टाके घटवणं, सगळं त्यांना आलं. काम शिकायचं असेल तर तातेराव जेवण विसरायचे. आता प्रश्न होता मालाचा.

जुन्या जालन्यात रामकिसनचं दोरे-बटणांचं दुकान. तातेरावांनी सायकल लावली आणि विचारलं, "लोकर पायजे. मजबूत."

"स्वेटर करायचा का बैल बांधायचा?" रामकिसन म्हणाला.

"किती वजन पेलते ते सांग."

"तातेराव, पंचवीस वर्षं लोकर विकून राह्यलो. आजपर्यंत गिऱ्हाईकानं रंग विचारला."

मिलमध्ये प्रत्येक मालाचा तुकडा तपासल्याशिवाय गाडी भरत नसत. तातेरावांनी प्रत्येक जातीची वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल एवढी, लोकर घेतली आणि घरी येऊन लिंबाच्या फांदीला बांधली. खाली बादली, बादलीत एकेक तांब्या पाणी. गिरिजाबाई तांबे मोजायला बसल्या, कारण नाही म्हटलं असतं तर त्यांनाच फांदीला बांधलं असतं असा त्यांचा अंदाज होता.

अॅक्रिलिक चार तांब्यांना तुटलं. सुती दोरा पाच तांबे गेला. मेरिनो नावाची, परदेशी मेंढीची, रामकिसनच्या दुकानातली सगळ्यात महाग आणि मऊ लोकर दीड तांब्यातच गेली.

"दीड तांब्याची लोकर," तातेराव म्हणाले आणि तो तुकडा कोनाड्यात टाकून दिला.

मग काडी लावून पाहिलं. अॅक्रिलिक वितळलं, त्याचा काळा कडक मणी झाला. पोरगी हिटरजवळ बसणार, अंगावर असलं वितळणारं नको. अॅक्रिलिक बाद. सुती बाद करायला तपासणी लागलीच नाही. एकतीस वर्षं घामानं भिजलेलं सुती बनियन त्यांच्या अंगाला चिकटून होतं. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. भट्टीपुढं ते बरं वाटायचं, बर्फात तेच जिवावर उठलं असतं.

म्हणजे मेंढीच. पण परदेशी नाजूक नको, इथली.

कचरू हा धनगर जांब समर्थकडचा. त्याचा कळप तेव्हा गावाबाहेरच्या एका शेतात खतासाठी बसवलेला होता. मेंढ्यांमागं चालता चालता कचरू टकळीवर लोकर कातायचा, चालणं थांबलं की कातणंही थांबायचं. हा माणूस तातेरावांना पाहताक्षणी आवडला. त्यांनी त्याच्याकडून वावभर दोरा आणला, फांदीला बांधला, तांबे ओतले. बादली भरली. दोरा हलला नाही. तातेरावांनी बादलीत जातं ठेवलं.

फांदी मोडली.

"घ्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "लोकर पास. झाड नापास."

कचरू दोरा विकायला तयार नव्हता. "पैशानं न्हाई देत. भादरणीला माणसं कमी हायेत, चार दिस मेंढ्या भादरू लागा, मंग न्या."

तातेरावांना हाच व्यवहार हवा होता. चार दिवस ते कातर घेऊन मेंढ्या भादरत होते. पहिली मेंढी त्यांनी सळईसारखी दोन्ही हातांनी दाबून धरली. कचरू ओरडला, "सोडा, सोडा! ती पळून राह्यली न्हाई, ती मरून राह्यली!" भादरून सोडल्यावर ती कळपात गेली, तर तिच्या कोकरानं तिला ओळखलं नाही. संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्याच आयांच्या मागं फिरत राहिलं.

निघताना कचरूनं दोऱ्याचं गाठोडं दिलं आणि म्हणाला, "भाऊ, ही घोंगडीची लोकर हाय बरं का. घोंगडी अंगावर घेत्यात. अंगात न्हाई घालत."

"तपासून घेतो," तातेराव म्हणाले.

तपासणी सोपी होती. टोचते की नाही एवढंच पाहायचं होतं. त्यांनी दोऱ्याचे पाच वेढे स्वतःच्या मानेला घातले, पाच दंडाला, आणि आठ दिवस तसेच ठेवले. झोपतानाही. आठ दिवसांत काही म्हणता काही टोचलं नाही. तरी एका माणसाचा निकाल धरू नये म्हणून त्यांनी भट्टीवरच्या तीन जुन्या सोबत्यांना बोलावलं. चारही जण एमआयडीसीच्या नाक्यावरच्या हॉटेलात मानेला लोकर गुंडाळून सकाळपासून दुपारपर्यंत चहा पीत बसले. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय नवस हाय का?"

चौघांचा निकाल एक आला. बिलकुल टोचत नाही.

तातेरावांनी दहा दिवस, दिवसाला बारा तास विणलं. स्वेटर झाला तेव्हा त्याचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. त्यांनी तो जमिनीवर ठेवला तर तो पडला नाही. उभा राहिला, दोन्ही बाह्या थोड्या पुढं करून, कुणाला तरी आत या म्हणत असल्यासारखा.

घडी होईना, म्हणून तो बाहेरच्या खोलीतच उभा राहिला. पहिल्या दिवशी कुरिअरवाला दारातून त्याला म्हणाला, "काका, सही करा." बराच वेळ थांबून "काका बोलत न्हाईत का?" असं त्यानं गिरिजाबाईंना विचारलं. दूधवाली बाई दोन दिवस त्याच्यासमोर पदर सावरून जायची. तिसऱ्या दिवशी कळल्यावर ती एवढी चिडली की तिनं दुधाचं माप कमी केलं. गिरिजाबाई मात्र रुळल्या. सांजेला दिवा लावला की त्या त्याला "सरका जरा," म्हणायच्या आणि स्वतःच सरकवायच्या.

नोव्हेंबरच्या चार तारखेला दीपमाला आली. स्वेटर पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"घाल," तातेराव म्हणाले.

तिनं घातला. खरं तर ती त्यात शिरली. हात खाली येईनात, ते तसेच पुढं राहिले. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तातेरावांना वाटलं, पोरगी भरून आली.

"उबदार हाय, बाबा."

"मंग!"

चार मिनिटांनी तिनं तो काढला. मान, दंड, मनगटं, सगळीकडं लाल चट्टे उठले होते. ते तिनं ओढणीनं झाकले. मग घाईघाईनं म्हणाली, "मी नेते सोबत. बॅगेत बसंल कसाबसा. नेतेच मी."

तातेरावांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. हा चेहरा त्यांनी रोज सकाळी पाहिला होता, ती सहावीत होती तेव्हापासून, पाठीवर दप्तर घेऊन निघताना. हा स्वेटर हिमाचलपर्यंत जाणार नव्हता. तो वाटेतच कुठंतरी, कोपऱ्यावरच्या घरी राहणार होता.

"नको," ते म्हणाले. "हा नापास."

ती गेल्यावर ते गिरिजाबाईंना म्हणाले, "चौघांनी तपासला व्हता. मी तर आठ दिवस."

"कोण चौघं? तुमीच ना, भट्टीवाले?" गिरिजाबाई म्हणाल्या. "अहो, परवा तुमच्या मानेवर मुंगळा चढला व्हता. डसला बी. मी सांगितलं तवा तुमाला कळलं. चुलीवरचा तापलेला तवा हातानं उतरवता तुमी. तुमच्या चौघांत मिळून एका माणसाची कातडी शिल्लक न्हाई."

जेवता जेवता तातेरावांना चूक सापडली. चूक साधी होती. वजनकाटा बिघडलेला असेल तर कितीही वेळा तोला. त्यांना दुसरी कातडी हवी होती. जिच्यावर कधी ठिणगी पडली नाही, पोतं आलं नाही, जिला ऊन ठाऊक नाही. अशी मान अख्ख्या जालन्यात कुणाची असेल?

उत्तर त्यांना लगेच सुचलं आणि अजिबात आवडलं नाही.

संपत जुन्या जालन्यात राहायचा. तो रिटायर झाल्यावर मिलनं त्याची खुर्ची भंगारात काढली, ती त्यानंच घेऊन घरी आणली होती. तातेराव गेले तेव्हा तो तिच्यातच बसलेला होता.

"काय भट्टीवाले, वाट चुकले का?"

"तुझी मान पायजे."

"कापायला?"

"न्हाई. वापरायला."

सगळं ऐकून घेतल्यावर संपत खुर्चीत आणखी मागं रेलला. "म्हंजे सात दिस गळ्यात लोकर घालून बसायचं. कुठं टोचलं, किती टोचलं, ध्यान ठेवायचं. हे काम झालं."

"बसायचं तर हाय. तू तसाबी बसतोच."

"तसा बसतो तो माझ्यासाठी. हे तुमच्यासाठी. मजुरी लागंल."

"बसायची मजुरी?"

"भट्टीवरच्या माणसाची हजेरी. एक रुपाया कमी न्हाई." संपतचा आवाज शांत होता. "तीस वर्षं मला खुर्चीला उगवलेला म्हणले तुमी. आता त्याच माणसाची मान लागली. हजेरी द्या न्हाईतर तुमच्या मानेवर तपासा."

तातेराव उठून चालू लागले. नाक्यापर्यंत गेले. तिथं त्यांना पोरीचे ते चट्टे आठवले, ओढणीखालचे. ते परत आले.

"कबूल. पण काम चोख पायजे."

"चोख न्हाई तर पैसे परत," संपत म्हणाला.

पैसे कुठून, हा प्रश्न नव्हता. तातेरावांचा शेवटचा पगार, पतपेढीचं कर्ज कापून उरलेला, गिरिजाबाईंच्या डब्यात पाकिटासकट तसाच होता. सात महिने त्यांना तो खर्चता आला नव्हता. शेवटच्या महिन्याची मेहनत, तिच्या तोडीची वस्तू बाजारात दिसत नव्हती. गिरिजाबाईंनी मिक्सर सुचवला होता, तातेरावांनी विचारलं होतं, "मिक्सर किती घाम गाळतो?"

रामकिसनकडून नमुन्याला लोकरीच्या पाच जाती आल्या. तातेरावांनी प्रत्येकीला फक्त नंबर दिला, नाव सांगितलं नाही. रोज एक नंबर. दीड तांब्याचा तुकडाही त्यांनी कोनाड्यातून काढून त्यात घातला, पाचवा नंबर म्हणून, तपासणी पुरी व्हावी एवढ्यासाठी.

आणि मानेची राखण सुरू झाली. मान बिघडली तर तपासणी बिघडणार. म्हणून सात दिवस संपतला कॉलरचा शर्ट बंद. न्हाव्याचा वस्तरा बंद. उन्हात जाणं बंद. जायचंच झालं तर तातेराव मागून छत्री धरून चालत. दुपारी घाम येऊ नये म्हणून ते सुपानं वारा घालत. ज्या माणसाला पंख्याखाली बसतो म्हणून त्यांनी तीस वर्षं नावं ठेवली, त्याला आता ते स्वतः वारा घालत होते. गल्लीतली पोरं पाहायला यायची.

"डावीकडून जरा," संपत सांगायचा.

पण काम मात्र त्यानं चोख केलं. पहिल्या दिवशी अकरा वाजता तो म्हणाला, "एक नंबर. डाव्या कानाखाली, दोन बोटं खाली, एक केस आडवा हाय." तातेरावांनी भिंग लावून पाहिलं. केस होता. दुसऱ्या नंबरला तो म्हणाला, "सकाळी गोड वाटतो, तीनला खाज सुरू. घामाचा वेळ झाला की ह्याचं खरं तोंड दिसतं." तिसऱ्याला त्यानं अर्ध्या तासात नकार दिला. चौथ्याबद्दल म्हणाला, "टोचत न्हाई, पण गुदमरून राह्यलं. प्लास्टिक हाय ह्यात." तो खरंच अॅक्रिलिक मिसळलेला होता.

बातमी पसरली. चौथ्या दिवशी एक बाई सुनेसाठी घेतलेल्या शालूचा काठ तपासायला घेऊन आली. एक उशीचा अभ्रा आला. एकानं नवा लंगोट आणला, त्याला तातेरावांनी छत्री उगारून घालवून दिलं.

पाचव्या दिवशी संपत सकाळपासून काही बोलला नाही. अकरा वाजले, तीन वाजले. पाचला तातेरावांनी विचारलं, "हं?"

"काय हं?"

"पाचवा नंबर."

संपतनं गळा चाचपला. "हाय का गळ्यात? मला वाटलं आज सुट्टी हाय."

तातेरावांना हे पटेना. दीड तांब्याची लोकर! सहाव्या दिवशी सहावा नंबर झाला. सातव्या दिवशी त्यांनी न सांगता पुन्हा तोच पाचवा त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "हा सातवा."

संपतनं डोळे मिटले. मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं केली. "हा पाचवाच हाय. मला येडा समजले का? ट्रकात ड्रायव्हरचा डबा राहिला तरी मला कळायचं, आन् हे कळणार न्हाई?"

तातेराव त्याच्यापुढं जमिनीवर बसले. इतकी वर्षं त्याच्यासमोर ते फक्त उभे राहिले होते. "इतकं बारीक कसं कळतं रे तुला?"

"बसून," संपत म्हणाला. "धावणाऱ्याला न्हाई कळत."

पाकिटातल्या पैशांनी मेरिनोचे दहा गुंडे, निळा रंग, लुधियानाहून तीन दिवसांत आले. हातात तेरा दिवस उरले. तातेरावांना अजून धास्ती होती ती दीड तांब्याची. दुर्गाबाईंनी त्याच लोकरीचा विणलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. "ओढा." त्यांनी ओढला. लांबला आणि परत आला. "एकटा दोरा दीड तांब्याचाच हाय, भाऊ. पण स्वेटरात एकटा कोण हाय? भार वाटून जातो."

सळईच्या सुया ह्या लोकरीला चालेनात. दुर्गाबाईंनी आपल्या दहा नंबरच्या दिल्या. पहिल्याच दिवशी तातेरावांनी त्यातली एक वाकवली. दोरा दोनदा तोडला. दुर्गाबाई म्हणाल्या, "जोर कमी करा." त्यांनी केला. "आणखी कमी." ते घामानं निथळले. एकतीस वर्षांत त्यांना जोर लावायला शिकवलं होतं, काढून घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचे खांदे भट्टीच्या पहिल्या आठवड्यात दुखले होते तसे दुखले. तेव्हा त्यांना बरं वाटलं. म्हणजे हे काम होतं.

सव्वीस तारखेला संध्याकाळी शेवटचा टाका बंद झाला. वजन चारशे ऐंशी ग्रॅम. त्यांनी जमिनीवर ठेवला, तो लगेच पडला, मांजर निजल्यासारखा. तातेरावांना त्याची जरा लाजच वाटली. संपतनं शेवटची तपासणी गळ्याच्या पट्टीवर गाल टेकून केली आणि पास म्हणून मान डोलावली.

सत्तावीसला दुपारी ते तिघं स्टेशनवर होते. अमृतसरची गाडी तासभर उशिरा होती. पत्रे तापले होते, कुत्री नळाखाली जाऊन निजली होती, लोक वर्तमानपत्रानं वारा घेत होते. तातेरावांनी पिशवी पुढं केली. "बघ. न आवडला तर इथंच सांग. नेऊ नको."

दीपमालानं स्वेटर काढला, हातात तोलला. मग तिथंच, फलाटावर, ड्रेसवरून घातला. मान फिरवली. हात वर केले, खाली केले. ते खाली आले. ती बॅगेचं कुलूप तपासायला लागली, मग आईशी लोणच्याच्या बरणीबद्दल बोलायला लागली.

"टोचतो?" तातेराव म्हणाले.

"काय?"

"स्वेटर."

"अगं बाई, घातलेलाच राह्यला का?" ती म्हणाली आणि पुन्हा बरणीकडं वळली. "आई, ही सांडली तर सगळे कपडे जातील."

तातेराव बाकावर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिच्या कपाळावर घाम आला, ओठावर आला. फलाटावरची माणसं तिच्याकडं पाहून राहिली होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरीला ताप हाय का?"

"काढ आता," तातेराव म्हणाले. "तीस-बत्तीस डिग्री आसंल."

"राहू द्या."

"घाम येऊन राह्यला."

"येऊ द्या की, बाबा. घामानं काय व्हतं?"

गाडी आली. ती तशीच चढली, तशीच खिडकीत बसली, निळा स्वेटर, लाल तोंड, आणि गाडी हलली तरी तिनं तो काढला नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत तातेराव पाहत होते. काढला नाही.

गिरिजाबाई रिक्षात बसल्या. तातेराव बसले नाहीत. ते चालत जुन्या जालन्यात गेले. संपत खुर्चीत होता, कॉलरचा शर्ट घालून.

"गेली?"

"गेली."

"घातला?"

"घातला."

तातेरावांनी पाकीट काढलं. सात दिवसांची हजेरी संपतच्या हातावर ठेवली. पाकीट रिकामं झालं. संपतनं पैसे मोजले नाहीत. पण परतही केले नाहीत, कारण काम झालं होतं आणि मजुरी मजुरी असते. तातेरावांनाही ते बराबर वाटलं.

भट्टीपुढच्या एकतीस वर्षांच्या शेवटच्या महिन्याचा पगार असा संपला. दीड तांब्याच्या लोकरीचे दहा गुंडे आले, आणि खुर्चीत बसलेल्या एका माणसाची सात दिवसांची मान.